ब्रिक्स १२ चं गाजर खरंच दुप्पट पौष्टिक असतं का?

अबोली_नाशिक | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, एक शंका आहे. पाककृती विभागात टाकणार होते, पण तिथे सगळे लगेच गाजर हलव्यावर घसरतील, म्हणून इथे.

आज सकाळी आमच्या भागातल्या आठवडी शेतकरी बाजारात गेले होते. एका टेबलावर गाजरं नेहमीच्या दीडपट भावाने. का, म्हणून विचारलं तर त्या दादांनी खिशातून एक नळकांडं काढलं, गाजराचा तुकडा लसूण चेचायच्या चिमट्यात दाबला, दोन थेंब नळकांड्याच्या काचेवर सोडले आणि म्हणाले, "ताई, उजेडाकडं धरून बघा." बघितलं. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ १२ वर, म्हणजे म्हणे १२ ब्रिक्स. "साध्या गाजराची ६ वर असते. म्हणजे आमच्या गाजरात पोषण दुप्पट." टेबलावर लॅमिनेट केलेला तक्ताही होता. गाजर, टोमॅटो, कांदा, पेरू. प्रत्येकापुढे चार रकाने, निकृष्टपासून उत्कृष्टपर्यंत.

आता गंमत अशी की मी निफाडची सून. हे नळकांडं आमच्या घरी चष्म्याच्या डबीशेजारी पडलेलं असतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात. मी त्याला कायम 'द्राक्षाचं यंत्र' समजत आले. संध्याकाळी फोनवर दादांना सांगितलं (सासऱ्यांना आम्ही दादाच म्हणतो) तर ते म्हणाले, "अगं, ते गोडी बघायचं यंत्र. त्यात पोषण कुठून दिसणार?" इकडे आमचे चिरंजीव, बारावी सायन्स, म्हणजे सर्वज्ञ. त्यांचं म्हणणं, झाड निरोगी असेल तर साखर जास्त बनवतं, आणि निरोगी झाडात बाकीचंही सगळं जास्तच असणार, म्हणजे बाजारातल्या दादांचं बरोबर. मला दोघांचंही पटतंय, हीच अडचण.

गाजरं घेतली, छान निघाली, भावाबद्दल तक्रार नाही. पण एखाद्या फळात, भाजीत, बदामात काय किती आहे हे मोजतात तरी कसं? पाकिटावर 'प्रथिने २१ ग्रॅम' छापलेलं असतं ते कोणी आणि कशात घालून मोजलं? घरी काही मोजता येतं का?

खवय्या४२२ | ९.५२

पहिला! हलव्याची पाकृ कुठाय?

वेलमांडव | १०.३०

ताई, तुमचे सासरे बरोबर बोलले. मीही निफाड तालुक्यातलाच, तेरा एकर द्राक्ष. ब्रिक्समीटर, म्हणजे तुमचं ते नळकांडं, हा आमचा रोजचा सोबती, त्यामुळं त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची) झाली की पुढं मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागेपर्यंत, या यंत्राला काही काम नसतं. पाणी उतरलं की मग रोज एकच प्रश्न, माल कधी तोडायचा? द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत पिकतो, केळं घरात पिकतं, द्राक्ष जेवढं गोड वेलीवर झालं तेवढंच. म्हणून हे यंत्र. बाहेर पाठवायच्या मालाला घेणारा १६ ते १८ बोलतो, वाइनवाल्यांना २२-२४ लागतं, कारण साखर जेवढी तेवढी पुढं दारू होणार.

पण त्यातही मेख आहे. एकाच घडात वरच्या पाकळीचा मणी १८ दाखवतो आणि शेंड्याचा १५. व्यापारी आला की शेंड्याचा मणी काढतो, शेतकरी वरचा पुढं करतो, हे नाटक दर हंगामाला असतंय. खरं मोजायचं तर प्लॉटच्या चारी कोपऱ्यांतले घड घ्या, वरचा, मधला, खालचा मणी घ्या, सगळ्यांचा रस एकत्र करा, मग थेंब टाका. त्याआधी शुद्ध पाण्यानं रेघ शून्यावर आणा, काच पुसा. यंत्र २० अंश तापमानाला बसवलेलं असतं. मार्चच्या उन्हात तापलेलं यंत्र तसंच डोळ्याला लावलं की साधं यंत्र चुकतं, तापमान सांभाळून घेणारं असेल तर बरं.

आणि मुख्य गोष्ट. तोडणीआधी पाणी कमी केलं की ब्रिक्स चढतो. आता मला सांगा, मी व्हॉल्व्ह बंद केला तर द्राक्षात व्हिटॅमिन कुठून आलं? आलं काहीच नाही, पाणी तेवढं गेलं.

शंकासुर | १०.४४

वेलमांडव, +१. रच्याकने (जाता जाता), तेरा एकर ऐकून पॉपकॉर्न खाली ठेवलं.

सेंद्रियसखा | ११.०५

एवढ्या घाईने निकाल लावू नका. तो तक्ता अमेरिकेतल्या कॅरी रीम्स नावाच्या शेती-अभ्यासकाच्या कामातून आलेला आहे, जगभर शेतकरी वापरतात. माझी स्वतःची भाजी मी ब्रिक्सवरच पाहतो. रासायनिक शेतीच्या टोमॅटोला ३-४, माझ्या टोमॅटोला ६. चवीत फरक आहे की नाही ते खाऊन बघा. चव हीच निसर्गाने दिलेली प्रयोगशाळा आहे. आणि माती मेली आहे याचा पुरावा हवा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवा. आवळ्यात १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व होतं, नव्या तक्त्यात २५२. आणखी काय सांगायचं?

परीक्षानळी | सोमवार, सकाळी ७.१५

बावीस वर्षं अन्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळांत गेली, त्यातली शेवटची नऊ सातपूरला. आता निवृत्त आहे, त्यामुळे सकाळी सकाळी लांब प्रतिसाद लिहायची चैन परवडते. चहा घेऊन बसा.

आधी ब्रिक्स. अडॉल्फ ब्रिक्स या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन गणिती-अभियंत्याचं नाव त्याला आहे. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर, तो एक अंश ब्रिक्स. पाण्यात काही विरघळलं की प्रकाश जास्त वाकतो, तो किती वाकला ते नळकांडं दाखवतं. पण प्रकाशाला काय, त्याला साखरच हवी असं नाही. आम्लं, क्षार, विरघळलेली प्रथिनं, सगळ्यांनी तो वाकतो. अबोलीताई, दादांचं यंत्र घ्या आणि लिंबाचा रस टाकून बघा. रेघ ७-८ वर जाईल. लिंबात साखर असून असून किती? ते बहुतेक सायट्रिक आम्ल आहे. लाल कांदा घ्या, १० ते १३ दाखवेल, पिकलेल्या पेरूच्या बरोबरीने. आणि डोळ्यांतून पाणी काढेल.

आता पोषणाचा हिशोब करू. समजा एखाद्या भाजीच्या १०० ग्रॅममध्ये सी जीवनसत्त्व ५० मिलिग्रॅम आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे ०.०५ ग्रॅम. ब्रिक्सच्या भाषेत ०.०५ अंश. हातातल्या यंत्राच्या दोन रेघांत अंतर असतं ०.२ चं. म्हणजे ते जीवनसत्त्व शून्य झालं काय नि दुप्पट झालं काय, तुमची रेघ हलणार नाही. लोह तर एक-दोन मिलिग्रॅमच्या गोष्टी, ते विसराच. आणि आपण गाजर ज्यासाठी खातो ते कॅरोटिन? ते पाण्यात विरघळतच नाही. ते त्या थेंबात असलं तरी तुमच्या आकड्यात मोजलं जात नाही.

उलटी बाजूही बघा. द्राक्ष १८ ब्रिक्सचं, त्यात सी जीवनसत्त्व काही मोजके मिलिग्रॅम. पेरू १०-१२ ब्रिक्सचा, त्यात पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे २१४ मिलिग्रॅम. ब्रिक्सने क्रम लावला तर द्राक्ष पेरूच्या वर जाईल. (वेलमांडव, राग मानू नये.)

सेंद्रियसखा, तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे. एकाच वाणाचे दोन टोमॅटो, एक ४ चा, एक ६ चा, तर ६ चा चवीला बहुधा सरस असतो. त्यासाठी यंत्र चांगलंच आहे. मी फक्त 'दुप्पट पोषण' या शब्दांवर अडलोय.

आता अबोलीताईंचा खरा प्रश्न, मोजतात कसं. नमुना आला की पहिलं काम तो कापून, वाटून एकजीव करणं. मग त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाच्या नशिबी वेगळी यातना. एक भाग जातो ओव्हनमध्ये, १०५ अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत. जे गेलं ते पाणी. एक भाग मफल भट्टीत ५५० अंशांवर, सगळं जळून पांढरट राख उरेपर्यंत. ती राख म्हणजे एकूण खनिजं. त्यात लोह किती, जस्त किती हे हवं असेल तर आम्लात विरघळवून पुढच्या यंत्रावर, तिथे प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या प्रकाशाच्या रंगावरून ओळखू येतं. एक भाग सॉक्सलेटच्या काचेत बसतो, वरून द्रावक ठिबकत राहतं, तेल धुऊन खाली नेतं, तासन् तास. सॉक्सलेटने हे १८७९ मध्ये बसवलं, अजून तसंच चालतं. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं त्या ठिबकण्याकडे बघत डुलक्या घ्यायची.

प्रथिनांची गोष्ट मजेची आहे. प्रथिनं सहसा थेट मोजतच नाहीत! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डालने १८८३ मध्ये रीत काढली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पकडायचा, मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. यंत्राला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन (प्लास्टिक बनवायचं रसायन) मिसळलं ते याच फटीतून. मेलामाइन नायट्रोजनने भरलेलं, आकडा फुगला, बाळं आजारी पडली. आणि ६.२५ हा गुणकही सगळ्यांना लागू नाही. बदामाला ५.१८, शेंगदाण्याला ५.४६. बदामात नायट्रोजन ३.९ टक्के निघाला तर ५.१८ ने प्रथिनं २०.२ ग्रॅम, ६.२५ ने २४.४. तेच बदाम, तीच उकळणी. पाकिटावरच्या २१ मागे कुठला गुणक आहे, हे पाकीट सांगत नाही.

आणि कर्बोदकं? पाणी, राख, तेल, प्रथिनं यांची बेरीज शंभरातून वजा करायची. उरलं ते कर्बोदक. म्हणजे आधीच्या चौघांच्या सगळ्या चुका याच्या खात्यात. पंगतीत शेवटी बसणाऱ्यासारखं.

सी जीवनसत्त्व सगळ्यात नाजूक. कापलं की हवेने उडायला लागतं, म्हणून कापता कापताच मेटाफॉस्फोरिक आम्लात टाकायचं. मग निळ्या रंगाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. जीवनसत्त्व आहे तोवर रंग जातो, संपलं की फिकट गुलाबी छटा पंधरा सेकंद टिकते. तिथे थांबायचं. आता महाग यंत्रं आली आहेत, पण ती गुलाबी छटा पकडायला ज्यांचा डोळा बसला त्यांना अजून लॅबमध्ये मान असतो.

आवळ्याबद्दल दुपारी लिहितो. भाजी आणायला पाठवतायत.

खवय्या४२२ | ८.०१

सर, दंडवत. वाखू (वाचनखूण) साठवली. भाजी आणताना ब्रिक्समीटर न्या.

मृण्मयी | ११.२०

परीक्षानळी काका, सुंदर प्रतिसाद. मी आहारतज्ज्ञ, कॉलेज रोडला बसते. तुम्ही बदामाचा विषय काढलात म्हणून पुढचं टोक जोडते. प्रयोगशाळेत मोजलेलं आणि शरीराला मिळालेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुकामेव्यात तो फरक फार ठळक दिसतो.

कॅलरीचे आकडे बहुतेक ठिकाणी अ‍ॅटवॉटरच्या गुणकांनी काढलेले असतात. प्रथिनांना ४, कर्बोदकांना ४, तेलाला ९. हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे गुणक. अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अठरा जणांना मोजून बदाम खायला घातले आणि त्यांचं मल-मूत्र गोळा करून त्यात किती ऊर्जा बाहेर पडली ते मोजलं. (हो, कोणीतरी ते काम केलं. आपापल्या नोकरीबद्दल कुरकुर करू नये.) हिशोबाने २८ ग्रॅम बदामाच्या साधारण १७० कॅलरी होतात, शरीराला मिळाल्या १२९. कारण अख्ख्या बदामाचं तेल पेशींच्या भिंतीत बंद असतं, दात सगळ्या पेशी फोडत नाहीत, बरंच तेल तसंच पुढे जातं. नंतरच्या अभ्यासात भाजलेले बदाम, तुकडे, आणि बदामाचं लोणी असं वेगवेगळं तपासलं. जसजसं बारीक तसतशा कॅलरी जास्त, आणि लोण्याला जवळजवळ पूर्ण हिशोबाइतक्या.

माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, "मॅडम, शेंगदाणे बंद केलेत." आणि भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत कूट असतोच. कुटाची गणती त्या करत नाहीत. शेंगदाण्यावर मी असा अभ्यास वाचलेला नाही, पण दाणे चावून खाल्ले असते तर बरं, असं मनात येतं.

पालकाचंही तसंच. कॅल्शियम भरपूर मोजलं जातं, पण ऑक्झॅलेटने बांधलेलं. शोषलं जातं जेमतेम ५ टक्के, दुधातलं पाव हिश्श्याच्या वर.

शंकासुर | ११.४१

पालक म्हटलं की तो दशांश चिन्हाचा किस्सा यायला हवा. जर्मन शास्त्रज्ञाने चुकून टिंब एक घर पुढे टाकलं आणि पालकात लोह दहापट झालं, म्हणून पॉपाय पालक खातो.

परीक्षानळी | दुपारी २.३०

शंकासुर, तो किस्साच खोटा आहे! १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकात तो आला, संदर्भ दिलेला नव्हता, आणि पुढे सगळ्यांनी एकमेकांकडून उतरवून घेतला. २०१० मध्ये एकाने मुळापर्यंत जाऊन शोधलं तर टिंबाचा पत्ता नाही. आम्हालाही कॉलेजात मोठ्या थाटात शिकवलेला. चुकीच्या मोजमापाची गोष्टच न तपासता चालली, याची मला फार मौज वाटते.

आता आवळा. सेंद्रियसखा, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ६०० जुन्या तक्त्यातला, २५२ नव्यातला. पण त्याच दोन पुस्तकांत पेरूही आहे. जुन्यात २१२, नव्यात २१४. माती मेली असेल तर ती फक्त आवळ्याच्या झाडाखालचीच मेली का? आकडा बदलायला वाण बदललेला असू शकतो, नमुने वेगळ्या भागातले असू शकतात, फळ किती पिकलेलं होतं ते, आणि मोजायची पद्धत. जुन्या तक्त्याचं मूळ १९३७ पर्यंत जातं. नव्यासाठी देशाचे सहा विभाग पाडून बाजारांतून नमुने गोळा केले, ५२८ पदार्थ तपासले. दोन वेगळ्या तराजूंवर तोललेली पोती शेजारी ठेवून धान्य घटलं म्हणता येत नाही.

तरी तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या मंडळींनी २००४ मध्ये ४३ भाज्या-फळांचे १९५० चे आणि १९९९ चे सरकारी आकडे तपासले. तेरा पोषकांपैकी सहांत घट दिसली, प्रथिनांत ६ टक्के, तर ब-२ मध्ये ३८. बाकी सातांत ठामपणे सांगण्यासारखा फरक नाही. त्यांनी स्वतः मुख्य संशय घेतला तो जास्त उत्पन्न देणाऱ्या वाणांवर. फळ मोठं, वजनदार, पण आतला ऐवज तेवढाच, म्हणून पातळ. मातीचा हात असतोच कधी कधी. फिनलंडने १९८० च्या दशकात खतात सेलेनियम घालायला सुरुवात केली, ते धान्यात आणि पुढे माणसांच्या रक्तात वाढलं. पण ते कळलं ते प्रयोगशाळेत. ब्रिक्सवर दिसलं नसतं.

सेंद्रियसखा | ३.१०

पेरूचा मुद्दा घेतला. आवळ्याचं उदाहरण मागे घेतो. ब्रिक्सचं घेत नाही. माझ्या मालाला गिऱ्हाईक परत येतं ते चवीमुळे, आणि चव मला त्या नळकांड्यात आधी दिसते.

वेलमांडव | ३.२५

सखा, चवीला आपला दोघांचाही दुजोरा. मातीचं म्हणाल तर आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं आणि वेलीला मिळत नाही. पानं पिवळी, शिरा हिरव्या. माती परीक्षणात दिसतं, देठ परीक्षणात दिसत नाही. म्हणून आम्ही पानाचा देठ तोडून लॅबला देतो, फुलोऱ्यात. म्हणजे मृण्मयीताई म्हणतात ते वेलीलाही लागू. ताटात आहे, पोटात नाही.

मृण्मयी | ३.३१

हे मी उद्यापासून पेशंटना सांगणार. फुकट.

सरकारवाड्याजवळ | सायंकाळी ६.४५

घरी मोजायचा प्रश्न सगळे विसरले. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, नववीच्या मुलांकडून सी जीवनसत्त्व मोजून घ्यायचो. खर्च शंभर-दीडशे रुपये.

मेडिकलमधून सी जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि जखमेवर लावायचं ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन आणा. मलम नको, द्रावण. आयोडीनच्या एका भागात चार भाग पाणी. गोळी कुटून एक लिटर पाण्यात. चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात उकळून पातळ पेज करा आणि गार होऊ द्या. आता गोळीचं पाणी ५ मिली घ्या, थोडं साधं पाणी, पेजेचे काही थेंब. सुई काढलेल्या सिरिंजने आयोडीन थेंब थेंब टाकत ढवळत राहा. निळा रंग येईल आणि जाईल. ज्या थेंबाला तो जायचा थांबेल तिथे सिरिंज वाचा. माझ्याकडे ३.६ मिली लागायचं. त्या ५ मिलीत जीवनसत्त्व २.५ मिलिग्रॅम, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग तसंच लिंबाच्या ५ मिली गाळलेल्या रसावर करा. समजा २.८ मिली लागलं, तर त्रैराशिक मांडा. येतं १.९४, म्हणजे १०० मिलीला ३९ मिलिग्रॅम.

काळ्या द्राक्षावर, बिटावर करू नका, रंगच दिसत नाही. रसात आयोडीन खाणारं दुसरं काही असेल तर तेही मोजलं जातं, तेव्हा आकड्याला देव मानू नये. पण ताजा रस आणि कालचा रस, कोबी उकळण्याआधीचा आणि उकळल्यावरचा (भांड्यातलं पाणीही तपासा!) अशी तुलना झकास होते. एका मुलीने घरी जाऊन आईला कोबीचं पाणी ओतू दिलं नाही, आई शाळेत भांडायला आली होती. प्रयोगातलं काही प्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

खवय्या४२२ | ७.००

मास्तर, आमच्या वेळी का नव्हतात.

शंकासुर | ७.२०

ते फोनला जोडायचं यंत्र नाही का निघालं, फळावर टॉर्च मारली की सगळं दिसतं? दहा वर्षांपूर्वी त्यावर लोकांनी पैसे लावले होते.

परीक्षानळी | ८.०५

त्या प्रकाशाला पाणी, साखर, तेल, प्रथिनं अशी ढोबळ माणसं ओळखता येतात. परदेशात सफरचंदं पट्ट्यावर धावताना त्याने गोडीनुसार वेगळी काढतात, उत्तम चालतं. मिलिग्रॅममधलं लोह त्याला दिसत नाही. आणि आधी शेकडो फळं प्रकाशाखालीही धरावी लागतात आणि उकळावीही लागतात, तेव्हा कुठे त्याला शिकवता येतं. शेवटी सॉक्सलेटशेजारी डुलकी कोणीतरी घ्यायचीच आहे.

अबोली_नाशिक | शुक्रवार, रात्री ९.१५

किती लिहिलंत सगळ्यांनी! आता माझा अहवाल.

मंगळवारी दादा काही कामाने नाशिकला आले ते यंत्र घेऊनच आले. वेलमांडव यांचं 'पाणी गेलं' डोक्यात बसलं होतं. त्याच ढिगातली उरलेली गाजरं फ्रिजमध्ये होती. एक घेतलं, वजन ८४ ग्रॅम. टोकाचा तुकडा काढून मोजलं, रेघ ९ वर. (१२ नाही, ९. ढिगातलं कुठलं गाजर उचलायचं हे बाजारातल्या दादांनाही कळतं बहुतेक.) पुन्हा वजन केलं, ७९. ते गाजर ओट्यावर उघडं ठेवलं. आज ६४ ग्रॅम. सुरकुतलेलं, वाकवलं की वाकतंय. त्याच टोकाशी पुन्हा रस काढला, रेघ ११ च्या थोडी वर. दादा हसले आणि म्हणाले, "अजून दोन दिवस ठेव, निर्यातीला जाईल."

लिंबाला ८ आली. चिरंजीवांनी यंत्र तीन वेळा धुऊन पुन्हा बघितलं आणि खोलीत निघून गेले. त्यांचं म्हणणं आता असं आहे की मुळात प्रश्नच चुकीचा विचारला होता.

परवा बाजारात जाईन तेव्हा लिंबू नेऊ का, यावर घरात मतभेद आहेत. गाजरं खरंच गोड होती हो, आणि माणूस चांगला आहे.

वेलमांडव | ९.४०

लिंबू नका नेऊ ताई. गाजरं न्या घरी.

परीक्षानळी साहेब, एक विनंती. आमच्या बांधावर पेरूची चार झाडं आहेत, वडिलांनी लावलेली. त्याला कधी खत नाही, पाणी नाही. त्यात सी किती आहे हे बघायची आता हौस आलीय. मास्तरांची आयोडीनची रीत करीनच, पण तुमच्या ओळखीनं लॅबमध्ये एकदा खरं बघता येईल का? किती किलो पाठवू?

परीक्षानळी | १०.१०

किलो नकोत. बारा पेरू. चारही झाडांचे तीन-तीन, एक उन्हाच्या बाजूचा, एक सावलीचा, एक आतल्या फांदीवरचा. देठासकट, न धुता, न पुसता. सारखे पिकलेले बघा, आणि हिरवे सोडून पिवळ्याला हात लावायचा मोह आवरा. सकाळी तोडून त्याच दिवशी दुपारपर्यंत पोचवा, शनिवारी नको, सोमवारपर्यंत पडून राहतील. फक्त सी करून घेऊ, सगळं पॅनेल मागितलंत तर बिल पाच आकडी येईल.

तेरावा खायला पाठवलात तर हरकत नाही.